युगांडातील ‘व्हाईट फादर्स’ : मिशनकेंद्रापासून स्थानिक धर्मग्रामापर्यंत

दरवर्षी ऑक्टोबर महिन्यातील शेवटून दुसऱ्या रविवारी आपण जागतिक मिशन रविवार साजरा करतो. त्या दिवशी आपल्या धर्मग्रामांत विशेष प्रार्थना होतात आणि जमा झालेले दान परदेशातील मिशनकार्यासाठी पाठविले जाते. पोप अकरावे पायस यांनी १९२६ साली सुरू केलेली ही प्रथा आपल्या अंगवळणी पडली आहे. मात्र त्या दानातून ज्या कार्याला हातभार लागतो त्याचे स्वरूप काय असते, परक्या देशात गेलेली एखादी व्रतस्थ संस्था तेथे ख्रिस्तसभेची उभारणी कशी करते, आणि उभारणी झाल्यावर ती संस्था काय करते, याची माहिती आपल्यापैकी अनेकांना नसते.

या लेखात आम्ही पूर्व आफ्रिकेतील युगांडा या देशाचे उदाहरण घेत आहोत. ‘व्हाईट फादर्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘मिशनरीज ऑफ आफ्रिका’ या संस्थेने १८७९ साली तेथे कार्यास प्रारंभ केला. साधारण साठ वर्षांत तेथील एक संपूर्ण धर्मक्षेत्र स्थानिक धर्माध्यक्षांच्या व स्थानिक धर्मगुरूंच्या स्वाधीन झाले. हे कसे घडले, हे समजून घेण्यासारखे आहे.

संस्थेची स्थापना व तिचे नियम

या संस्थेचे संस्थापक शार्ल लाव्हिजरी हे मूळचे फ्रान्सचे. १८६७ साली ते उत्तर आफ्रिकेतील अल्जिअर्सचे सरधर्माध्यक्ष झाले. त्याच सुमारास अल्जेरियात भीषण दुष्काळ व कॉलऱ्याची साथ पसरली आणि असंख्य मुले अनाथ झाली. या मुलांचा सांभाळ करण्याच्या कार्यातूनच १८६८ साली धर्मगुरू व ब्रदर यांची ही संस्था जन्मास आली. पुढील वर्षी, म्हणजे १८६९ साली, त्यांनी धर्मभगिनींचीही संस्था स्थापन केली. लाव्हिजरी यांना १८८२ साली कार्डिनलपद मिळाले. आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांनी आफ्रिकेतील गुलामांच्या व्यापाराविरुद्ध युरोपच्या राजधान्यांतून आवाज उठविला. १८९२ साली त्यांचे निधन झाले.

‘व्हाईट फादर्स’ हे नाव त्यांच्या वेशावरून पडले. अल्जेरियातील अरब लोक वापरत तसा पायघोळ पांढरा अंगरखा, त्यावर पांढरा झगा आणि गळ्यात रोझरीची माळ असा त्यांचा पोशाख होता. वेशाची ही निवड संस्थापकांच्या विचाराला धरूनच होती. ज्या लोकांमध्ये राहायचे त्यांची भाषा बोलावी, त्यांचे अन्न खावे व त्यांच्यासारखा पेहराव करावा, असा दंडक त्यांनी घालून दिला होता. कोणत्याही मिशनकेंद्रात तिघांपेक्षा कमी सदस्य असू नयेत, हा दुसरा नियम. एकट्याने काम करणारा मनुष्य खचतो किंवा हटवादी होतो. तिघे एकत्र असतील तर प्रार्थना, सल्लामसलत व आजारपणातील शुश्रूषा या तिन्ही गोष्टी साधतात. सदस्य निरनिराळ्या देशांतून यावेत आणि केंद्रातही एकत्र नांदावेत, असाही या संस्थेचा कटाक्ष राहिला आहे. आज या संस्थेत अनेक आफ्रिकन सदस्यांबरोबर भारतीय सदस्यही आहेत.

सरोवर ओलांडून

१८७८ च्या एप्रिल महिन्यात दहा मिशनरींची पहिली तुकडी फ्रान्सच्या मार्सेय बंदरातून विषुववृत्तीय आफ्रिकेकडे निघाली. झांझिबारसमोरील बागामोयो येथे ‘होली घोस्ट’ संस्थेच्या धर्मगुरूंचे केंद्र आधीपासून होते. त्यांच्या साहाय्याने सामान, हमाल व वाटाडे यांची जुळवाजुळव करून हा तांडा पायी आतल्या प्रदेशात शिरला. मार्ग तापाचा होता. तुकडीतील एक प्रमुख फादर पास्काल यांचा ऑगस्टमध्ये वाटेतच मृत्यू झाला. पुढे तुकडीचे दोन भाग झाले. एक टांगानिका सरोवराकडे गेला आणि दुसरा व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिण तीरावर पोहोचला.

सरोवराच्या उत्तरेस बुगांडा हे सुसंघटित राज्य होते. तेथील राजाला ‘कबाका’ म्हणत. त्या वेळी कबाका मुतेसा गादीवर होते. त्यांची अनुमती मिळविण्यासाठी फादर सिमेऑन लूर्देल व ब्रदर आमान्स हे दोघे होडीने पुढे गेले आणि १७ फेब्रुवारी १८७९ रोजी एन्टेबेजवळ किगुंगू येथे किनाऱ्याला लागले. लूर्देल त्या वेळी अवघे पंचवीस वर्षांचे होते. फादर लिव्हिनाक व इतर सोबती काही महिन्यांनी तेथे दाखल झाले. फ्रेंच भाषेत धर्मगुरूला ज्या शब्दाने हाक मारतात, तो स्थानिक लोकांच्या तोंडी ‘मापेरा’ असा झाला. लूर्देल हे ‘मापेरा’ याच नावाने युगांडाच्या स्मरणात राहिले.

बुगांडात अँग्लिकन मिशनरी १८७७ सालीच आले होते, आणि मुस्लिम व्यापारी त्यांच्याही आधीपासून. दरबारात तिन्ही धर्मांचे वादविवाद चालत. कॅथलिक व अँग्लिकन मिशनरी राजासमोर एकमेकांना खोडून काढत, आणि हे पाहणाऱ्या दरबाऱ्यांना ख्रिस्ताच्या अनुयायांमधील हे भांडण समजत नसे. या स्पर्धेची फळे पुढे कडू निघाली. त्याचा उल्लेख पुढे येईल.

मिशनरींनी प्रथम लुगांडा भाषा शिकण्यास प्रारंभ केला. त्या भाषेला त्या वेळी लिखित परंपरा जवळपास नव्हती. शब्द ऐकायचे, वहीत उतरवायचे, पुन्हा बोलून पाहायचे व चुकल्यावर हसे होऊ द्यायचे, असा हा अभ्यास होता. लिव्हिनाक यांनी लिहिलेले लुगांडाचे व्याकरण १८८५ साली प्रसिद्ध झाले. लूर्देल यांनी त्याच भाषेत धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी तयार केली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी आत्मसात करून ‘ख्रिस्तपुराण’ रचले, हे आमच्या वाचकांना ठाऊक आहेच. लोकांच्या भाषेत शिरल्याखेरीज शुभवर्तमान लोकांच्या अंतःकरणात शिरत नाही, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच आहे.

चार वर्षांचा दीक्षाकाळ

२७ मार्च १८८० रोजी, पवित्र शनिवारी, पहिल्या चार जणांना बाप्तिस्मा देण्यात आला. लोकांचा ओढा वाढत होता, आणि मिशनरींनी भराभर बाप्तिस्मे दिले असते तर आकडे फुगले असते. परंतु लाव्हिजरी यांनी याबाबत कडक आज्ञा दिली होती. श्रद्धेची इच्छा प्रकट करणाऱ्याने प्रथम दोन वर्षे जिज्ञासू म्हणून राहावे, त्यानंतर आणखी दोन वर्षे दीक्षार्थी म्हणून शिक्षण घ्यावे, आणि मगच त्याला बाप्तिस्मा द्यावा. मृत्यूच्या दारात असलेल्यांना यातून सवलत होती. आरंभीच्या ख्रिस्तसभेतील दीक्षाकाळाची परंपरा त्यांनी अशा प्रकारे पुन्हा जागविली.

हा नियम तेव्हा अनेकांना जाचक वाटला. परंतु त्यामागे व्यवहारी दूरदृष्टी होती. नवख्रिस्ती मनुष्याला स्वतःच्या कुटुंबात, दरबारात व बाजारात एकट्याने श्रद्धा टिकवावी लागणार होती. त्याच्या पाठीशी सदैव धर्मगुरू असणार नव्हता. चार वर्षांत प्रार्थना तोंडपाठ होत आणि जीवनाची घडीही बदलत असे. शिवाय या काळात दीक्षार्थी स्वतः इतरांना शिकवू लागत. जो शिकला त्याने शेजाऱ्याला शिकवायचे, ही रीत येथेच रूढ झाली.

धर्मगुरूविना तीन वर्षे

या रीतीची कसोटी अपेक्षेपेक्षा लवकर लागली. परिस्थिती असुरक्षित वाटू लागल्याने १८८२ च्या नोव्हेंबरमध्ये सर्व मिशनरी बुगांडा सोडून सरोवराच्या दक्षिण तीरावर निघून गेले. मागे राहिले ते काही मोजके बाप्तिस्मा घेतलेले तरुण आणि त्यांच्याभोवती जमलेले दीक्षार्थी. ना मिस्सा, ना पापनिवेदन, ना ख्रिस्तप्रसाद. १८८४ साली कबाका मुतेसा मरण पावले व त्यांचा तरुण पुत्र म्वांगा गादीवर आला. त्याच्या निमंत्रणावरून १८८५ च्या जुलै महिन्यात मिशनरी परतले. त्यांना वाटले होते की सारे पहिल्यापासून सुरू करावे लागेल. प्रत्यक्षात श्रद्धावंतांची संख्या घटण्याऐवजी वाढलेली त्यांना आढळली.

हे घडविणारे सगळे प्रापंचिक होते. राजवाड्यात योसेफ मुकासा बालिकुद्देम्बे हे राजसेवकांचे प्रमुख सेवक होते. ते तरुण सेवकांना एकत्र करून प्रार्थना शिकवीत. राजाच्या वादकांचे प्रमुख आंद्रू काग्वा यांचे घर दीक्षार्थींचे दुसरे केंद्र बनले होते. राजधानीपासून दूर असलेल्या मित्याना येथे मथियास कालेम्बा मुलुम्बा यांनी ल्यूक बानाबाकिंटू व नोआ मवागाली यांच्यासह एक छोटा ख्रिस्ती समूह उभा केला होता. मथियास हे अधिकारपदावरील गृहस्थ होते. बाप्तिस्म्यानंतर त्यांनी बहुपत्नीत्वाची चाल सोडली आणि प्रतिष्ठितांना न शोभणारी मानली जाणारी अंगमेहनतीची कामे ते स्वतः करू लागले.

आमच्या मते युगांडाच्या ख्रिस्तसभेचा पाया या तीन वर्षांत पक्का झाला. मिशनरींनी पेरणी केली होती. परंतु ते नसताना पीक कोणी राखले, हे विसरून चालणार नाही.

रक्तसाक्षी

कबाका म्वांगाचा मिशनरींवरील लोभ फार काळ टिकला नाही. युरोपीय सत्ता आपले राज्य गिळतील, ही त्याची भीती निराधार नव्हती. त्यातच ख्रिस्ती झालेले राजसेवक त्याच्या अनैतिक मागण्यांना नकार देऊ लागले, आणि राजाच्या इच्छेपेक्षा वरची एखादी आज्ञा असू शकते हे त्याला सहन होईना. १८८५ च्या ऑक्टोबर महिन्यात अँग्लिकन बिशप हॅनिंग्टन यांची हत्या झाली. योसेफ मुकासा यांनी याबद्दल राजाला दोष दिला, व १५ नोव्हेंबर १८८५ रोजी त्यांना ठार करण्यात आले. हे कळताच दीक्षार्थी रात्रीतून मिशनकेंद्रात धावले. आठवडाभरात शंभरहून अधिक जणांना बाप्तिस्मा देण्यात आला. मुकासांच्या जागी राजसेवकांची आध्यात्मिक जबाबदारी चार्ल्स ल्वांगा यांनी घेतली.

१८८६ च्या मे महिन्यात छळ शिगेला पोहोचला. पकडले जाण्याच्या आदल्या रात्री मुनयोन्यो येथे धर्मगुरू उपस्थित नसताना चार्ल्स ल्वांगा यांनी आपल्या सोबत्यांपैकी काही दीक्षार्थींना स्वतः बाप्तिस्मा दिला. त्यांत साधारण चौदा वर्षांचा किझितो होता. ३ जून १८८६ रोजी, स्वर्गारोहणाच्या सणादिवशी, नामुगोंगो येथे चार्ल्स ल्वांगा व त्यांच्या सोबत्यांना जिवंत जाळण्यात आले. मथियास मुलुम्बा यांना हातपाय तोडून रस्त्याकडेला टाकून देण्यात आले. शेवटचे रक्तसाक्षी जानेवारी १८८७ मध्ये मरण पावले. कॅथलिक रक्तसाक्षींची मान्य संख्या बावीस आहे. त्याच छळात अनेक अँग्लिकन ख्रिस्ती लोकांनीही प्राण दिले. नामुगोंगोच्या चितेवर दोन्ही पंथांचे तरुण एकत्र जळाले.

या कथेतील एका स्त्रीचे नाव फारसे घेतले जात नाही. नोआ मवागाली यांची बहीण मुनाकू हिने भावाच्या मृत्यूनंतर आपली श्रद्धा लपविली नाही. तिला बंदिवान करण्यात आले. मिशनरींनी मोबदला देऊन तिची सुटका केली. पुढे तिने अविवाहित राहून प्रभूच्या सेवेत आयुष्य घालविले. युगांडातील व्रतस्थ स्त्रीजीवनाची सुरुवात तिच्यापासून मानली जाते.

पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९२० साली या बावीस जणांना धन्यवादित घोषित केले, आणि १८ ऑक्टोबर १९६४ रोजी, दुसरी व्हॅटिकन विश्वपरिषद चालू असताना, पोप सहावे पॉल यांनी त्यांना संतपद बहाल केले. त्या प्रसंगी पोप महोदयांनी अँग्लिकन रक्तसाक्षींचेही आदरपूर्वक स्मरण केले.

एक दुःखद प्रकरण

मिशनचा इतिहास लिहिताना केवळ गौरवाची पाने उघडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रक्तसाक्षींच्या बलिदानानंतर अवघ्या सहा वर्षांत, २४ जानेवारी १८९२ रोजी, राजधानी मेंगो येथे कॅथलिक व प्रोटेस्टंट गट एकमेकांविरुद्ध शस्त्रे घेऊन उभे राहिले. कॅथलिकांना ‘फ्रेंचांचा पक्ष’ व प्रोटेस्टंटांना ‘इंग्रजांचा पक्ष’ म्हटले जाई. ब्रिटिश कंपनीचे कॅप्टन लुगार्ड यांच्या पाठिंब्यामुळे प्रोटेस्टंट पक्षाची सरशी झाली. रुबागा येथील कॅथलिक मिशनकेंद्र जळाले आणि हजारो कॅथलिक पश्चिमेकडील बुद्दू या प्रांतात विस्थापित झाले. फादर लूर्देल हे पाहण्यास हयात नव्हते. १८९० साली वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले होते.

ज्यांनी एकाच चितेवर प्रभूची साक्ष दिली त्यांचेच बांधव एकमेकांवर गोळ्या झाडू लागले. यात सत्तेच्या राजकारणाचा वाटा मोठा होता. पण दरबारातील जुन्या धर्मविवादांचाही होता. कॅथलिक धर्म म्हणजे फ्रेंचांचा धर्म, हा समज दूर व्हावा म्हणून रोमने पुढे देशाच्या पूर्व भागाची जबाबदारी इंग्लंडच्या ‘मिल हिल’ संस्थेकडे दिली. तिचे धर्मगुरू १८९५ साली तेथे पोहोचले. त्याच्या आदल्या वर्षीच युगांडा ब्रिटिशांचे संरक्षित राज्य झाले होते.

मात्र विस्थापितांच्या याच बुद्दू प्रांतात, आजच्या मसाका परिसरात, कॅथलिक ख्रिस्तसभेने सर्वांत खोल मूळ धरले. तेथे १८९२ साली ‘व्हिला मारिया’ हे मिशनकेंद्र उभे राहिले.

मिशनकेंद्र कसे चालत असे

व्हिला मारियासारखे केंद्र म्हणजे एक मोठे गावच असे. मध्यभागी देऊळ, शेजारी धर्मगुरूंचे निवासस्थान, शाळा, दवाखाना, विटांची भट्टी, सुतारकामाची जागा आणि केळीची बाग. देवळे उभारण्याचे व हस्तकला शिकविण्याचे काम प्रामुख्याने ब्रदर मंडळी करीत. धर्मभगिनी १८९९ साली आल्या आणि मुलींचे शिक्षण व रुग्णसेवा यांना वेग आला.

केंद्राभोवती कित्येक मैलांच्या परिसरात लहान लहान उपकेंद्रे असत. गवताने शाकारलेले साधे प्रार्थनामंदिर आणि त्याजवळ राहणारा कॅटेकिस्ट म्हणजे धर्मशिक्षक, एवढेच उपकेंद्राचे स्वरूप. धर्मगुरू वर्षातून मोजक्या वेळा तेथे पोहोचत. एरवी रविवारची प्रार्थना घेणे, मुलांना लिहावाचायला व धर्मशिक्षण शिकविणे, आजाऱ्यांची भेट घेणे, मरणासन्नांना बाप्तिस्मा देणे, मृतांना मूठमाती देणे आणि दीक्षार्थींची प्रगती केंद्राला कळविणे ही सर्व कामे धर्मशिक्षक करीत. त्यांना मिळणारे मानधन अगदी तुटपुंजे असे, आणि बहुतेकांचा चरितार्थ स्वतःच्या शेतीवर चाले. बाप्तिस्म्यापूर्वीच्या अखेरच्या टप्प्यात दीक्षार्थी केंद्रात येऊन राहत. सकाळी शिक्षण आणि नंतर श्रमदान असा त्यांचा दिवस जाई.

अहमदनगर व नाशिक परिसरातील आमच्या वाचकांना हे वर्णन परके वाटणार नाही. तेथील वाड्यावस्त्यांवरही धर्मशिक्षकांनी व त्यांच्या पत्नींनी श्रद्धेचा दिवा तेवत ठेवला आहे.

स्थानिक धर्मगुरूंची घडण

१८९१ साली फादर आंरी स्ट्राइशर युगांडात आले. १८९७ साली ते धर्माध्यक्ष झाले, आणि १९३३ पर्यंत त्यांनी या मिशनची धुरा वाहिली. त्यांच्या मनाने एक गोष्ट पक्की घेतली होती: हजारो बाप्तिस्म्यांपेक्षा एका स्थानिक धर्मगुरूची घडण अधिक मोलाची आहे. १८९३ साली, म्हणजे पहिल्या बाप्तिस्म्यांना पुरती चौदा वर्षेही झाली नव्हती तेव्हा, सेमिनरी सुरू झाली.

अनेकांना हा उतावीळपणा वाटला. मुलांना आधी अक्षरओळख, मग लॅटिन, मग तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकवायचे होते. बहुतेक मुले मधेच गळत. त्या समाजात पुत्रसंततीला अपार महत्त्व असल्याने ब्रह्मचर्याचे व्रत आईवडिलांना पटवून देणे सोपे नव्हते. पण अभ्यासक्रमात सूट द्यायची नाही, यावर स्ट्राइशर ठाम होते. कारण कमी शिकलेला स्थानिक धर्मगुरू सदैव परदेशी धर्मगुरूचा मदतनीसच राहील, हे त्यांना दिसत होते. १९११ साली कातिगोंडो येथे मोठी सेमिनरी उभी राहिली. वीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतर २९ जून १९१३ रोजी बासिल लुमू व व्हिक्टर मुकासा या पहिल्या दोन युगांडन धर्मगुरूंना गुरुदीक्षा मिळाली. याच काळात मदर मेक्टिल्ड यांच्या मार्गदर्शनाखाली ‘बन्नाबिकिरा’ ही स्थानिक धर्मभगिनींची संस्था आकारास आली.

मसाका : किल्ल्या स्वाधीन

धर्मगुरू घडविणे ही एक गोष्ट, आणि त्यांच्या हाती कारभार सोपविणे ही दुसरी. अनेक मिशनक्षेत्रांत पहिली झाली तरी दुसरी पिढ्यान्पिढ्या लांबली. मसाकात ती झाली. १९३४ साली मसाका परिसरातील धर्मग्रामे स्थानिक धर्मगुरूंकडे देण्यात आली आणि व्हाईट फादर्सनी ती सोडली. ज्या देवळांच्या विटा त्यांनी भाजल्या होत्या, ज्या दीक्षार्थींची नावे त्यांनी नोंदवहीत लिहिली होती, ती सर्व मागे ठेवून ते इतरत्र गेले.

२९ ऑक्टोबर १९३९ रोजी पोप बारावे पायस यांनी रोममध्ये संत पेत्राच्या महामंदिरात योसेफ किवानुका यांचा धर्माध्यक्ष म्हणून अभिषेक केला आणि मसाका त्यांच्या हाती दिले. आधुनिक काळात लॅटिन विधीच्या ख्रिस्तसभेतील ते पहिले कृष्णवर्णीय आफ्रिकन धर्माध्यक्ष मानले जातात. ते याच मातीत जन्मले, कातिगोंडोच्या सेमिनरीत घडले, १९२९ साली धर्मगुरू झाले, रोममध्ये धर्मकायद्याची डॉक्टरेट मिळविली आणि व्हाईट फादर्स संस्थेच्या पहिल्या आफ्रिकन सदस्यांपैकी एक झाले.

बिशप किवानुका यांच्याकडे जगाचे लक्ष होते. ते अपयशी ठरले असते, तर आफ्रिकनांना कारभार झेपत नाही, असे म्हणणाऱ्यांना आयताच पुरावा मिळाला असता. त्यांनी धर्मग्रामांत लोकांनी निवडलेल्या परिषदा स्थापन केल्या आणि शाळांच्या कारभारात पालकांच्या संघटनांना स्थान दिले. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने प्रापंचिकांच्या सहभागाचा जो आग्रह धरला, तो मसाकात आधीच रुजला होता. त्यांनी आपल्या धर्मगुरूंना उच्च शिक्षणासाठी परदेशी पाठविले. पुढे ते रुबागाचे सरधर्माध्यक्ष झाले, विश्वपरिषदेत सहभागी झाले, आणि १९६६ साली त्यांचे निधन झाले.

एक बाब आम्हाला विशेष हृद्य वाटते. निवृत्तीनंतर स्ट्राइशर मायदेशी परतले नाहीत. ते व्हिला मारियातच राहिले व १९५२ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. ज्या मुलुखाचे ते कधीकाळी प्रमुख होते, तेथे त्यांनी अखेरची कित्येक वर्षे एका आफ्रिकन धर्माध्यक्षांच्या अधिकारक्षेत्रात काढली. मिशनरीचे काम कोठे पूर्ण होते, याचे उत्तर त्यांच्या या वृद्धापकाळात मिळते.

गोव्याशी असलेला धागा

युगांडातील कॅथलिक जीवनात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील लोकांचाही एक अध्याय आहे. ब्रिटिश राजवटीत अनेक गोवेकर ख्रिस्ती सरकारी कचेऱ्यांत कारकून म्हणून, तसेच शिंपी, स्वयंपाकी व दुकानदार म्हणून पूर्व आफ्रिकेत गेले. एन्टेबे व कंपाला येथे त्यांच्या संस्था होत्या, आणि रविवारच्या मिस्सेला त्यांची नियमित उपस्थिती असे. परंतु वसाहतीच्या काळातील वर्णभेदाच्या रचनेत युरोपीय, आशियाई व आफ्रिकन यांची जीवने वेगवेगळ्या वाटांनी चालत, आणि एकाच वेदीसमोर गुडघे टेकणारेही देवळाबाहेर क्वचितच एकत्र येत. १९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीन यांनी आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला आणि हा अध्याय अचानक संपला. त्याच राजवटीत अनेक परदेशी मिशनरींनाही देशाबाहेर जावे लागले. परंतु १८८२ प्रमाणेच या वेळीही देवळे ओस पडली नाहीत, कारण आता तेथे स्थानिक धर्माध्यक्ष, धर्मगुरू, धर्मभगिनी व धर्मशिक्षक होते.

घेणाऱ्यांकडून देणाऱ्यांकडे

पोप सहावे पॉल १९६९ साली युगांडात आले. आफ्रिका खंडाला भेट देणारे ते आधुनिक काळातील पहिले पोप. आफ्रिकेच्या ख्रिस्ती लोकांनी आता स्वतःच आपल्या खंडाचे मिशनरी व्हावे, असे आवाहन त्यांनी कंपाला येथे केले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६८ साली, उत्तर युगांडातील मोरोटो येथे ‘अपॉसल्स ऑफ जीझस’ ही आफ्रिकेतील पहिली स्थानिक मिशनरी संस्था स्थापन झाली होती. कोंबोनी संस्थेच्या मिशनरींनी तिची पायाभरणी केली. आज तिचे धर्मगुरू आफ्रिकेतील अनेक देशांत व आफ्रिकेबाहेरही सेवा करतात.

२०१४ च्या जनगणनेनुसार युगांडातील सुमारे ३९ टक्के लोक कॅथलिक होते. १९९९ पासून कंपाला, गुलू, म्बारारा व टोरोरो असे चार सरधर्मप्रांत तेथे आहेत. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९३ साली आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली नामुगोंगोला भेट दिली. दरवर्षी ३ जून रोजी तेथे अफाट जनसमुदाय लोटतो. कित्येक यात्रेकरू देशाच्या टोकांवरून, काही तर शेजारच्या देशांतून, दिवसेंदिवस पायी चालत येतात.

समारोप

परदेशी संस्थेचे मिशनकार्य मोजताना आपण सहसा देवळे, शाळा व दवाखाने मोजतो. युगांडाचा इतिहास आणखी एक मोजमाप सुचवितो: संस्था निघून गेल्यावर मागे काय उरले? पहिल्या खेपेस, १८८२ साली, मूठभर तरुण उरले आणि त्यांनी श्रद्धा राखली. दुसऱ्या खेपेस, १९३४ साली, धर्मग्रामे उरली आणि ती वाढली. व्हाईट फादर्सच्या हातून चुकाही झाल्या, आणि १८९२ चे प्रकरण त्यांची आठवण देत राहील. परंतु आपल्याशिवाय चालेल असे काही उभे करण्याची तयारी त्यांनी प्रारंभापासून ठेवली.

वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनी १५९७ साली जपानमधील नागासाकी येथे प्राणार्पण केले. तेथील ख्रिस्ती लोकांनीही पुढे दोनशे वर्षांहून अधिक काळ धर्मगुरूंविना श्रद्धा जपली. आपल्या धर्मग्रामांत आज प्रभूकृपेने धर्मगुरू आहेत, रोज मिस्सा आहे, धर्मशिक्षणाचे वर्ग आहेत. तरीही मित्यानाच्या मथियास मुलुम्बांप्रमाणे आपले घर हे प्रार्थनेचे व शिकवणुकीचे केंद्र आहे काय, आणि काही कारणाने तीन वर्षे आपल्याकडे धर्मगुरू आले नाहीत तर आपल्या वाडीत रविवारची प्रार्थना कोण घेईल, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारावा. येत्या मिशन रविवारी दानपेटीत आपला वाटा टाकताना युगांडातील त्या धर्मशिक्षकांचे, धर्मभगिनींचे व मिशनरींचे स्मरण करूया आणि आपल्या धर्मग्रामातील धर्मशिक्षकांसाठीही प्रार्थना करूया.